शाळेपुरता कान

“ताईला माझी हाक कधी ऐकू आली होती का?”

रोहनने आईला विचारलं, बाबांना विचारलं. उत्तर मला ठाऊक होतं. पण मी लोखंडी कपाटात, साड्यांखाली, कुलपात होतो.

मी दीक्षाचं कानाचं मशीन बोलतोय. काडेपेटीपेक्षा जरासा मोठा डबा, एक वायर आणि टोकाला तिच्या कानाच्या मापाचा साचा. दीक्षाच्या आईने, नंदाताईंनी, मला ठेवायला गणवेशाच्या कापडाची पिशवी शिवली. ती गळ्यात अडकवून दीक्षा धायरीहून सदाशिव पेठेतल्या कर्णबधिरांच्या शाळेत यायची.

तिथे रोज सकाळी पूर्णिमाबाई ओठ दिसू नयेत म्हणून तोंडासमोर वही धरून आवाज काढायच्या. आवाज आला की मुलीने वाटीत मणी टाकायचा. दीक्षाची वाटी भरायची आणि मला फार बरं वाटायचं.

घरी मात्र गणवेशाबरोबर मीही उतरायचो. तिचे बाबा, दशरथ, हिंजवडीच्या एका कॉम्प्युटर कंपनीची बस चालवायचे. बसमधल्या लोकांनीच मिळून मला घेऊन दिलं होतं. “तुटलं तर पुन्हा कुठून आणायचं?” म्हणत ते माझा सेल काढायचे आणि मला कपाटात ठेवायचे. एकदा पूर्णिमाबाई नंदाताईंना म्हणाल्या, “अहो, कपाटाला कमी ऐकू येतं का?” नंदाताई हसल्या. कुलूप तसंच राहिलं.

रोहन दीक्षाचा धाकटा भाऊ. सातवीत शाळा सोडून गॅरेजमध्ये लागलेला. तो घरी येईपर्यंत मी कपाटात गेलेलो असायचो. ताईला बोलवायला तो जमिनीवर पाय आपटायचा. तिला हादरा कळायचा. तरी तोंडाने “ताई” म्हणायचाच. ती हाक दाराच्या फटीतून माझ्यापर्यंत यायची आणि तिथेच संपायची.

दोन महिन्यांपूर्वी ताप दीक्षाच्या मेंदूत गेला. दवाखान्यात रोहन तिच्या उशाशी हाका मारत राहिला. तिथे पाय आपटून काय उपयोग? आणि मी कपाटात.

ती गेल्यावरही मी आतच. अंधार आणि डांबरगोळ्यांचा वास.

मागच्या महिन्यात रोहनने कुलूप तोडलं. बाबा म्हणाले, “ठेव ते. पोरीचं एवढंच राहिलंय.”

“ती होती तेव्हा कुठे दिलंत?” रोहन म्हणाला आणि मला घेऊन तडक शाळेत आला.

शाळेत सहा वर्षांची मुक्ताई होती. तिचं मशीन बंद पडलेलं, कानाचा साचा तेवढा होता. पूर्णिमाबाईंनी तो मला जोडला, सेल घातला आणि वही उचलली.

“मी म्हणू?” रोहनने विचारलं. वहीआड तोंड नेऊन तो म्हणाला, “ताई.”

मणी वाटीत पडला.

रोहन कितीतरी वेळ त्या मण्याकडे बघत होता. मग त्याने पुन्हा हाक मारली. पुन्हा मणी पडला.

आता मी मुक्ताईच्या गळ्यात असतो. माझ्या डब्याला दोन पोचे आलेत, चालेल. मला जपू नका, वापरा.

त्या दिवशी निघताना रोहनने खिशातून दोन नवे सेल काढले आणि मुक्ताईच्या आईच्या हातावर ठेवले.

“हे घरी घालायला,” तो म्हणाला.