चाचणीपुरतं

उष्णता ओढून नेणाऱ्या राखाडी पेस्टचा ठिपका हवा होता त्यापेक्षा जरा मोठाच पडला होता. प्रोसेसरच्या चकचकीत पाठीवर तो ऐटीत बसला होता, आणि आता तो पुसून नव्याने घालावा की तसाच वरून पंखा दाबून द्यावा — दाबला की पसरेलच चहूकडे, कडेने थोडा बाहेर येईल, येऊ दे, कोण बघणार आहे... एरवी त्याने पुसला असता. एरवी या बाबतीत तो इतका काटेकोर होता की खोलीतले बाकीचे त्याची टिंगल करायचे. पण आज हातच उचलत नव्हता. दुपारी बाबांना डॉक्टरांकडे न्यायचं होतं, आणि सकाळी दात घासल्यापासून डोक्यात पाच शब्द गरगरत होते. पूल, लिंबू, शिट्टी, गालिचा, निळा. त्याने पंखा ठेवला, समोरासमोरचे स्क्रू आळीपाळीने पिळले आणि कडेला आलेली पेस्ट बोटाने पुसून बोट खिशातल्या रुमालाला लावलं.

कंपनीच्या या चाचणीच्या खोलीत खिडकी नव्हती आणि बाराही महिने स्वेटर घालून बसावं लागे, कारण यंत्राला थंडी आवडते. चाचणी सुरू करण्याआधी बाकीचं सगळं बंद करायचं — निरोप, घड्याळ जुळवणं, पाठीमागे गुपचूप चालणारी बारीकसारीक कामं — यंत्राच्या डोक्यात दुसरा विचार म्हणून राहू द्यायचा नाही. मग बेंचमार्क चालवायचा. म्हणजे असा प्रोग्राम, जो कुणाचंच काम करत नाही. तो आकड्यांचे ढीग एकमेकांनी गुणतो आणि उत्तर फेकून देतो, कुणी कधी वाचणार नाही असा मजकूर दाबून लहान करतो आणि परत उलगडतो, नसलेल्या खोलीतल्या नसलेल्या दिव्याचा उजेड नसलेल्या भिंतीवर कसा पडेल ते काढत बसतो. आणि शेवटी एक आकडा देतो. त्या आकड्यावर माणसं यंत्र विकत घेतात. लग्नाच्या सुरुवातीला बायकोला त्याने हे समजावून सांगितलं होतं तेव्हा ती म्हणाली होती, म्हणजे तू दिवसभर त्याला उगाच पळायला लावतोस. तेव्हा तो खूप हसला होता.

शेजारच्या टेबलावरच्या चष्मेवालीने हाक मारली. ती याच्यानंतर इथे लागली होती, हुशार होती आणि फार लवकर कंटाळायची. तिने कंटाळ्यापोटी चाचणीच्या प्रोग्रामचं नाव बदललं होतं. आतला प्रोग्राम तोच, अक्षर इकडचं तिकडे नाही, फक्त नाव पुसून तिने तिच्या बोक्याचं नाव दिलं होतं : बोकोबा. आणि आकडा धाडकन खाली आला होता. तिने पुन्हा चालवून दाखवलं. पुन्हा खाली.

यात नवीन काही नव्हतं. कंपनीच्या या नव्या प्रोसेसरला चाचणीचं नाव ओळखता येत होतं. नाव दिसलं की आतला एक इवलासा भाग सावध व्हायचा, वेगाची मर्यादा उठवायचा, तापण्याकडे काणाडोळा करायचा, आणि प्रोग्राम संपला की पुन्हा साळसूद. साहेब याला पाहुणचार म्हणायचे. पाहुणे आले की आपण ठेवणीतल्या कपबश्या काढतो की नाही, त्यात खोटं काय आहे, कपबश्या आपल्याच असतात ना? आणि आकडा खराच असतो, यंत्राने तेवढं करून दाखवलेलं असतं... साहेबांचं बोलणं असं गोड असे की त्यातून बाहेर पडायला दार सापडत नसे. त्याने कधी शोधलंही नव्हतं.

चष्मेवाली डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसत होती. बोकोबा म्हटलं तर ओळखच दाखवत नाही हो मेला, असं म्हणून तिने त्याच्याकडे पाहिलं. त्याच्याही ओठावर हसू यायला हवं होतं. पण आलं नाही.

“नाव पहिल्यासारखं कर,” तो म्हणाला, “आणि परत चालव.”

तिचं हसू विरलं. आणि त्याला स्वतःचाच आवाज ऐकू आला. हा आवाज कालच ऐकलेला... काल संध्याकाळी, बाबांच्या स्वयंपाकघरात. परत म्हणा बाबा, पहिल्यापासून.

मागच्या वेळी डॉक्टरांनी ते पाच शब्द सांगितले, थोड्या वेळाने विचारले, तेव्हा बाबांना फक्त लिंबू आठवलं होतं. घड्याळाचं चित्र काढताना सगळे आकडे एका बाजूला गोळा झाले होते. डॉक्टर म्हणाल्या होत्या, अजून एकटे राहू शकतील, पण सहा महिन्यांनी पुन्हा बघू, आणि यापेक्षा खाली गेलं तर मात्र एकटं ठेवायचं नाही. त्या बोलत होत्या आणि कोपऱ्यातल्या खुर्चीवर बसून तो पाचही शब्द मनात घट्ट करत होता. त्याच वेळी. त्या अजून बोलत असताना. यासाठी काही ठरवावं लागलं नाही, कागद लागला नाही, डोकं आपणहून कामाला लागलं. चाचणी तीच असते, हे त्याच्याइतकं कुणाला ठाऊक असणार?

आणि मग रोज संध्याकाळी तो कामावरून परस्पर बाबांकडे जाऊ लागला. बाबा इस्त्रीचा शर्ट घालून बसलेले असायचे. चहाचं आधण ठेवलेलं असायचं, कधीकधी त्यात चहापूड घालायची राहिलेली असायची, मग दोघं कोमट गोड पाणी प्यायचे आणि दोघंही तसं म्हणायचे नाहीत. पूल, लिंबू, शिट्टी... पुढे? पुढे काय बाबा? पूल ओलांडला की तिथे काय आहे, गालिचा, असं धरून ठेवा. बाबा मान डोलवायचे. जन्मभर त्यांनी नगरपालिकेच्या तलावावर लोकांना पोहायला शिकवलं होतं, शिट्टी हा शब्द त्यांना कधीच चुकला नाही. त्यांच्या हाताखाली निम्मं गाव तरंगलं असेल. यालाही त्यांनीच शिकवलं. पोटाखाली त्यांचा पंजा असायचा, रुंद, खरबरीत, आणि हा किंचाळायचा, बाबा हात काढू नका, आणि ते म्हणायचे नाही काढला, नाही काढला, आणि मागे वळून बघावं तर ते केव्हाचे पायऱ्यांवर बसून टॉवेलने कान पुसत असायचे. तेव्हा राग आला होता. मोठेपणी तो हे सगळ्यांना कौतुकाने सांगे.

बायको म्हणाली होती, कशाला रे छळतोस त्यांना, आणू या की इकडेच, मागची खोली रिकामीच तर आहे. तिने हे कपड्यांच्या घड्या घालता घालता म्हटलं होतं, अगदी सहज, आणि त्या सहजपणाने तो चपापला होता. त्यांना इथे करमणार नाही, असं तो म्हणाला. ते तसं म्हणाले का, तिने विचारलं. त्यांच्या मानाला लागेल, तो म्हणाला, ज्या माणसाने आयुष्यभर दुसऱ्यांना वर काढलं... असं काहीतरी. छान बोलला होता तो. बायकोने घड्या उचलून कपाटात ठेवल्या, आणि त्याला वाटलं, जिंकलो.

खरं कारण अगदी साधं होतं. त्याला बाबा घरात नको होते. त्यांचं तेच तेच विचारणं, न्हाणीघरातलं न संपणारं खाकरणं, जेवताना सांडणं. जेवण झाल्यावर दिवा मंद करून कुणाशी न बोलता बसायची त्याची ती वेळ... ती गेली असती. एवढंच. एवढ्यासाठी मी त्यांच्या मानाची ढाल केली. खालच्या मजल्यावरच्या काकूंचा फोन आला होता, तुझ्या बाबांनी नळ उघडा टाकला, जिन्यावरून पाणी वाहत होतं, गॅसचंही बघ बाबा एकदा. बघतो, म्हणून मी फोन ठेवला आणि कुणाजवळ ब्रही काढला नाही.

चष्मेवालीने नाव पहिल्यासारखं केलं. आकडा पुन्हा वर चढला. त्याने तो साहेबांना पाठवला आणि लवकर निघतो म्हणून सांगितलं.

दवाखान्यात बाबा आज्ञाधारक मुलासारखे गुडघ्यांवर हात ठेवून बसले. केस विंचरून, चपचपीत पाणी लावून आले होते. डॉक्टरांनी हसून विचारपूस केली, मग कागद पुढे ओढला. मी तुम्हाला पाच शब्द सांगते, असं त्या म्हणाल्या, आणि पहिला शब्द त्यांच्या तोंडून निघायच्या आतच बाबा एका दमात म्हणाले,

“पूल, लिंबू, शिट्टी, गालिचा, निळा.”

आणि कोपऱ्यातल्या खुर्चीकडे बघून हसले.

खोलीत पंखा फिरत होता. डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं. त्याने मान वळवून भिंतीवरच्या मेंदूच्या चित्राकडे बघितलं, फार लक्ष देऊन, त्यातला प्रत्येक रंग... हे शब्द कुठून आले, असं डॉक्टरांनी विचारलं, बाबांना विचारलं, पण डॉक्टरांचा चेहरा अर्धा त्याच्याकडे वळला होता.

“मागच्या खेपेला तुम्हीच सांगितले होते की,” बाबा म्हणाले. “राहिले लक्षात.”

यात एक अक्षर खोटं नव्हतं. त्यांनी त्याच्याकडे पाहिलंसुद्धा नाही. किती सफाईने त्यांनी त्याला पाठीशी घातलं होतं, आणि ज्या डोक्याला हे एवढं क्षणात सुचलं, त्या डोक्यात काय उरलं आहे हे तपासायला आपण इथे आलो आहोत. त्याला वाटलं, उठून बाहेर जावं. पण नातेवाइकांनी थांबायचं असतं.

डॉक्टर म्हणाल्या, मग आज दुसरे घेऊ. कंदील, साबण, घोडा, अंगण, पिवळा. बाबांनी मागोमाग नीट म्हणून दाखवले. मग वजाबाकी झाली, घड्याळ काढून झालं — ते बरं आलं, त्याचाही सराव झाला होता — आणि मग त्यांनी शब्द विचारले. बाबा खिडकीकडे बघत राहिले. घाई नाही, सावकाश आठवा, डॉक्टर म्हणाल्या. बाबांनी मान हलवली. नाही बुवा. एकही नाही.

त्याच्या लक्षात आलं की आपले ओठ हलताहेत. कंदील... साबण... आवाज नव्हता, नुसते ओठ, आणि डॉक्टर त्याच्याकडेच बघत होत्या. त्याने तोंड मिटलं. आयुष्यात इतकं उघडं पडल्यासारखं त्याला कधी वाटलं नव्हतं, अंगावरचा एकेक कपडा कुणी मोजत उभं असावं तसं.

डॉक्टर रागावल्या नाहीत. रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. यापुढे यांनी एकटं राहायचं नाही, त्यांनी शांतपणे सांगितलं, आणि तुमच्याकडे सोय होईल ना, असं विचारलं. तो म्हणाला, बघतो. काकूंना म्हणाला होता तसंच. तेव्हा बाबाच मध्ये बोलले, अगदी आनंदाने, शेजाऱ्यांना मुलाचं कौतुक सांगावं तसे.

“हा रोज येतो हो माझ्याकडे. रोज संध्याकाळी. अभ्यास घेतो माझा. आधी महिना महिना दिसायचा नाही.”

त्यात तक्रार नव्हती. तक्रार असती तर उत्तर देता आलं असतं.

गाडीत बसल्यावर त्याने बाबांचा पट्टा लावून दिला. त्यांच्या शर्टाला साबणाचा वास होता. परतीच्या रस्त्याला गर्दी होती, गाड्या मुंगीच्या पावलाने सरकत होत्या, आणि तो मनात वाक्यं जुळवत होता — बायकोला काय सांगायचं, कुणाला दिवसाचं ठेवता येईल का त्यांच्याकडे, ओळखीत कुणी असेल... सिग्नलला गाडी थांबली. बाबा समोरच्या काचेतून बघत होते. मग ते सावकाश, एकेक शब्द वेगळा करून म्हणाले,

“कंदील. साबण. घोडा. अंगण.” जरा थांबले. “पिवळा.”

त्याने त्यांच्याकडे वळून पाहिलं. आत्ता आठवले का, असं त्याने विचारलं. आवाज चोरट्यासारखा निघाला.

“सिग्नल सुटला बघ,” बाबा समोर बोट दाखवून म्हणाले.

मागून भोंगे वाजायला लागले होते. त्याने गाडी पुढे काढली. आणि पहिला विचार आला तो असा, की पुढच्या चौकातून वळावं. दवाखाना अजून उघडा असेल. पायऱ्या चढून जावं, डॉक्टरांना सांगावं, सगळे आठवले त्यांना, पाचच्या पाच, न शिकवता, विचारून बघा... आनंद झाला मला, अगदी खराखुरा, हात हलके झाले, छातीवरचा धोंडा उतरला. आणि तो आनंद त्यांना आठवल्याचा नव्हता, त्यांना घरी आणावं लागणार नाही याचा होता, हे कळायला दोन श्वास लागले. ते नाही म्हणाले होते. खिडकीकडे बघून, विचार करून, नाही म्हणाले होते. की उशिराच आठवले, कधीकधी आठवतं तसं? विचारलं तर ते पुन्हा रस्त्याकडे बोट दाखवतील. तुझ्याकडे यायचंय एवढं वाक्य त्यांनी मला कधी म्हटलं नाही, कारण म्हणायला मी जागाच ठेवली नव्हती, सगळी संध्याकाळ मी त्या शब्दांनी भरून टाकली होती. चौक जवळ येत होता. बाबांनी हात मांडीवर ठेवले होते आणि ते काहीच विचारत नव्हते. मला उत्तर द्यावं लागू नये म्हणून विचारत नव्हते, असं मला वाटलं, आणि त्यानंतर त्यांच्याकडे मान वळवून बघायचं धैर्य मला झालं नाही.