आमचाच फ्लॅट बघायला

रविवारच्या पेपरात जाहिरात होती : कोथरूड, पहिला मजला, दोन बेडरूम, संपूर्ण नूतनीकरण केलेला, ताबा लगेच. खाली इमारतीचं नाव वाचलं आणि मी चहाचा कप खाली ठेवला. तो आमचा फ्लॅट होता. म्हणजे सात वर्षांपूर्वी, १९९९ साली मी तो विकून धायरीच्या पुढे रो-हाऊस घेतलं, तोपर्यंत आमचा होता.

‘मी विकला’ असं म्हणतोय ते उगाच नाही. माझी बायको कुसुम तेव्हा आठ दिवस सांगलीला बहिणीकडे गेली होती. घरबसल्या गिऱ्हाईक आलं आणि मी इसार घेऊन मोकळा झालो. ती परत आली तेव्हा दारातच तिच्या हातावर पेढा ठेवला. तिनं पेढा खाल्ला, “बरं” म्हणाली आणि दुसऱ्या दिवसापासून भांडी बांधायला लागली. त्यानंतर त्या विषयावर एक अक्षर नाही. भांडली असती तर मी पुरून उरलो असतो. बत्तीस वर्षं विमा कचेरीच्या खिडकीत बसून लोकांना गप्प करण्यात घालवली आहेत. पण जी मुळातच गप्प आहे तिला काय करणार?

म्हणून ठरवलं, तिला तो फ्लॅट दाखवायचाच. कोथरूडची काय दशा झालीय ते तिनं डोळ्यांनी बघावं आणि “सुटलो बाई” असं एकदा म्हणावं. मला तेवढंच ऐकायचं होतं. गिऱ्हाईक म्हणून दलालाला फोन केला. त्यानं मंगळवारची दुपार दिली.

“मंगळवारी नको,” कुसुम म्हणाली. “माझं भजन असतं.”

“एक दिवस तू गायली नाहीस तर देव बरं मानेल,” मी म्हणालो आणि विषय संपवला.

स्वारगेटला बस बदलून गेलो. १९८२ साली आम्ही कसब्यातून कोथरूडला राहायला आलो तेव्हा सगळे नातेवाईक विचारत होते, जंगलात कशाला चाललात म्हणून. आमच्या इमारतीच्या मागे ज्वारी होती आणि एक विहीर होती. रिक्षावाले तेव्हा लांब पडतं म्हणून यायचे नाहीत. आता जवळ पडतं म्हणून येत नाहीत. गिरणीच्या जागी कम्प्युटर क्लास झाला होता, रॉकेलच्या दुकानात मोबाइल विकत होते. कोपऱ्यावर गळ्यात ओळखपत्रं अडकवलेली मुलंमुली कंपनीच्या बसची वाट बघत उभी होती.

“बघ ही गर्दी,” मी म्हणालो.

“हं,” कुसुम म्हणाली.

दलाल सौमित्र, पंचविशीचा असेल, खालीच भेटला. जिन्यात ‘येथे सायकली लावू नयेत. एकदा सांगितलेले पुरे.’ ही पाटी अजून होती. “कुणीतरी भयंकर खडूस सेक्रेटरी होता इथं म्हणे,” तो हसून म्हणाला. अक्षर माझं होतं. मी हसलो नाही.

दार उघडलं आणि मला क्षणभर वाटलं, चुकीच्या मजल्यावर आलो. हॉल आणि स्वयंपाकघर यांच्यामधली भिंतच नव्हती.

“ओपन किचन, काका. सगळं मॉड्युलर आहे. ओनर कंपनीकडून ऑनसाइट गेले ना फॉरेनला, तिकडेच सेटल होतायत. फुल रिनोव्हेट केलं आणि वर्षभरसुद्धा राहिले नाहीत.”

“म्हणजे फोडणी घातली की पाहुण्याला पहिला ठसका,” मी म्हणालो. मोझेकच्या फरशीवर आता आरशासारख्या टाइल्स होत्या, गॅलरी आत ओढून तिथं कम्प्युटरचं टेबल केलं होतं. काम चोख होतं, नावं ठेवायला जागा नव्हती, याचाच मला जास्त राग आला.

स्वयंपाकघराची खिडकी मात्र होती तिथंच होती. तिथं उभं राहून आम्ही दोघं सकाळचा पहिला चहा प्यायचो आणि समोरच्या टेकडीवर कोणकोण चढतंय ते ओळखायचो. कुसुम चालीवरून माणूस सांगायची. आता तिथून शेजारच्या इमारतीचे सांडपाण्याचे पाइप दिसत होते. माझे डोळे भरून आले. मला ते घर हवं होतं. रो-हाऊसमध्ये संध्याकाळी दिवा लावायच्या वेळी मला दर दिवशी हेच घर आठवायचं, आणि हे मी कुणाजवळ बोललो नव्हतो.

तरी सवय जात नाही. “बरं झालं ना सुटलो ते?” मी तिला हळूच विचारलं.

कुसुमनं माझ्याकडे बघितलंच नाही. “छान केलंय हो,” ती सौमित्रला म्हणाली.

आम्ही बाहेर आलो तर समोरचं नीरजाबाईंचं दार उघडं होतं. आत चटईवर चार बायका बसल्या होत्या, मध्ये वर्तमानपत्रावर मेथीचा ढीग.

“अगं कुसुम, आज उशीर केलास,” नीरजाबाई म्हणाल्या. “गेल्या मंगळवारी तुझी पिशवी इथंच राहिली.” मग त्यांना मी दिसलो. “भावजी? तुम्ही कसे?”

मी कुसुमकडे बघितलं. “भजन?”

“हेच,” ती म्हणाली.

मंगळवारी दुपारी सगळ्या बिऱ्हाडांची पालेभाजी एका दारात जमवायची, मिळून निवडायची आणि आपापला वाटा घेऊन घरी जायचं, ही या जिन्यातल्या बायकांची रीत. आमच्यापुरती ती १९९९ साली संपली असं मी धरून चाललो होतो. कुसुम सात वर्षं दोन बस करून येत होती. मंगळवारी रात्री आमच्याकडे हमखास मेथी का असते ते मला तिथं उभ्या उभ्या कळलं.

“मला सांगितलं का नाहीस?”

“तुम्ही सांगितलं होतंत?” आवाज चढला नव्हता. “घर विकलंत ते विकलंत, तुमच्या नावावर होतं. ही माणसं तुमच्या नावावर नव्हती. मला एकदा विचारायला हवं होतंत.”

सौमित्रनं हातातला मोबाइल खिशात ठेवला. चटईवरचे हात थांबले होते.

“चुकलो,” मी म्हणालो. चार बायका आणि एक दलाल यांच्यादेखत.

कुसुमनं मान हलवली, चपला काढल्या आणि आत जाऊन आपल्या जागेवर बसली. ती जागा त्यांनी मोकळीच ठेवली होती.

“काका, मग फ्लॅटचं काय?” सौमित्रनं विचारलं.

त्याला हातानंच थांबवलं. आयुष्यात मी मेथीची एक काडी निवडलेली नाही. पण उंबऱ्याशी उभा राहून विचारलं, “कुसुम, मी बसू का इथं थोडा वेळ?”

तिनं खरोखर विचार केला. हातातली काडी निवडून पानं ढिगात टाकली.

“आज नको,” ती म्हणाली. “आज आम्हाला तुमच्याबद्दल बोलायचंय.”

मी खाली गेलो आणि सहा वाजेपर्यंत बसस्टॉपवर बसून राहिलो.