जिनिंगच्या आवारातला तरोटा

मित्रांनो, मी एक जुना पितळी गंज आहे. गंज म्हणजे पोटाला मोठं, तोंडाला रुंद असं स्वयंपाकाचं भांडं. लोखंडावर चढणाऱ्या गंजाशी माझं काही नातं नाही, हे आधीच सांगितलेलं बरं.

तांबटाच्या हातोडीचा मार खाऊन मी घडलो आणि पांढरकवड्याला शहजादभाईंच्या खानावळीत आलो. त्यांच्या वडिलांचं ट्रकदुरुस्तीचं गॅरेज होतं. शहजादभाई मात्र नागपूरच्या हॉटेलात स्वयंपाक शिकले आणि हायवेच्या कडेला पनीरचे नाना प्रकार विकू लागले. सगळे प्रकार चवीला एकसारखेच लागत. ट्रकवाले एकदा येत आणि पुढच्या खेपेला दुसरा ढाबा धरत.

एकदा जंगूबाई आत्राम बाजारात न खपलेली रानभाजीची टोपली घेऊन खानावळीच्या सावलीत बसल्या. त्या जंगलालगतच्या कोलाम पोडावर, म्हणजे वस्तीवर, राहत. शहजादभाईंनी ती भाजी ज्वारीच्या कण्या आणि लसूण घालून माझ्यात शिजवली, चव पाहायला म्हणून बसले आणि गिऱ्हाइकासाठी काही उरवलंच नाही. त्या दिवसापासून पनीर बंद झालं.

ती वर्षं कापसाच्या हालाची होती. अळी बोंडं खाई, उरलेल्याला भाव नसे, आणि तरी लोक बांधाला लागेपर्यंत कापूसच पेरत. फवारणीत बांधावरच्या भाज्या जळत. जुनी ज्वारी, अंबाडी, बरबटी नावाची चवळी दिसेनाशी झाली. लोकांनी चवीनं खाल्लं तर कोणीतरी पेरील, राखील, असं म्हणून शहजादभाई नेमकं तेच रांधू लागले. माझं पोट सदा भरलेलं असे आणि मला त्याचा भारी गर्व होता.

मग बाबूसिंग शेठ आले. त्यांचं जिनिंग, म्हणजे कापसातली सरकी काढायचा कारखाना, कापसाअभावी बंद पडलं होतं, पण नातवाचं बारसं थाटात व्हायलाच हवं होतं. दारव्ह्याच्या व्याह्यांनी जन्मात खाल्ली नसेल अशी जंगलातली भाजी त्यांना पानात हवी होती. शहजादभाईंनी छाती फुगवून काटवलं, म्हणजे रानातली काटेरी कर्टुली, कबूल केली, मला स्कूटरला बांधलं आणि पोड गाठलं.

काटवलाचे वेल कुंपणावर होते, पण फळं मोजकीच होती. शिवाय देवाला नवं दाखवल्याशिवाय पोडावर कोणी तोडत नसे. शहजादभाईंनी गोड बोलून पाहिलं, शेठच्या रागाचं भय सांगितलं. जंगूबाईंनी शांतपणे ऐकून घेतलं.

"भाऊ, हे सारं तोडलं त बी कुठून पडन? पुढच्या साली त्या शेठले पाला चारशीन काय?"

शहजादभाईंनी मला पुन्हा स्कूटरला बांधलं. आम्ही दोघं रिकाम्या पोटी परतलो. मी तर वाटभर स्कूटरवर आपटत होतो.

वाटेत बाबूसिंगांचं जिनिंग लागलं. कापसाच्या गंज्या लागत त्या आवारात आता तरोटा, म्हणजे टाकळा, माजला होता, कोवळा आणि हिरवागार. पाहुण्यांना गवत दिसू नये म्हणून एक माणूस पंप पाठीला लावून औषध कालवत होता. शहजादभाईंनी स्कूटर तशीच आडवी टाकली, माझ्यासकट. माझ्या कुशीतला पोचा तेव्हाचाच. त्यांनी त्या माणसाला चहा पाजून थांबवलं आणि पोडावरच्या बायांना बोलावून भाजी खुडून घेतली. जंगूबाईंनी नुसते शेंडे खुडायला लावले, बुडखे राहू दिले.

बारशाच्या दिवशी तरोटा, बरबटीची उसळ आणि ज्वारीची भाकर अशी पंगत बसली. काटवलं न दिसल्यानं बाबूसिंगांच्या कपाळावर आठी चढली. पण दारव्ह्याच्या व्याह्यांनी भाजी पुन्हा मागितली, आणखी एकदा मागितली आणि कुठून आणली म्हणून विचारलं. बाबूसिंगांनी ऐटीत सांगितलं, घनदाट जंगलातून खास मागवली.

शहजादभाईंना खोटं पचेना. वाढता वाढता वाकून ते हळूच म्हणाले, "शेठ, हा तरोटा हाय. तुमच्याच जिनिंगमधला. काल त्याच्यावर औषध मारनार होते, म्या थांबवलं."

पण हळू बोलणं त्यांना कधी जमलंच नाही. पंगत थबकली. बाबूसिंगांचा हात पानात तसाच राहिला. मला वाटलं, आता शहजादभाईंचा धंदा बसला. एवढ्यात बाबूसिंगांनी घास गिळला, मिशीवर हात फिरवला आणि म्हणाले, "घ्या पाव्हणे, लाजू नका. घरचीच हाय."

व्याही हसले, मग सगळी पंगत हसली. जिनिंगमध्ये पंप पुन्हा आला नाही.

पुढच्या पावसाळ्यात पोडाच्या कुंपणावर काटवलाचे वेल दाटले. देवाला नवं दाखवून झाल्यावर जंगूबाई आपणहून काटवलं घेऊन आल्या. भाजी माझ्यातच शिजली. त्यांनी घास घेतला आणि मीठ कमी असल्याचं सांगितलं. शहजादभाईंनी निमूट मीठ घातलं.

मित्रांनो, पुढे स्टीलची हलकी पातेली आली आणि मी माळ्यावर गेलो. माझी कल्हई उडाली आहे. कल्हईशिवाय माझ्यात आंबट काही शिजवू नका, पोट बिघडेल आणि नाव माझं खराब होईल. पण जमलं तर मला खाली उतरवा, कल्हई करा आणि चुलीवर चढवा. आणि भाजी खुडायला जाल तेव्हा पोडावरच्या मावशींना आधी विचारा. त्या जेवढी तोडा म्हणतील, तेवढीच माझ्या पोटात घाला. पोट मोठं आहे खरं, पण अर्धं रिकामं राहिलं तरी माझी तक्रार नाही.