रघोजीरावांचं हरीण

रघोजीरावांनी तंजावूरच्या शाळेत चौतीस वर्षं चित्रकला शिकवली आणि दर जूनमध्ये सहावीच्या फळ्यावर तेच एक हरीण काढलं. पहिलाच धडा आदिमानवाच्या चित्रांचा. हरीण डौलदार, मान वळवलेली, पाय मोजूनमापून. खरं गुहेतलं हरीण त्यांनी जन्मात पाहिलं नव्हतं, पण हे ते कुणाला सांगत नसत. आता डाव्या डोळ्यानं राम म्हटला होता आणि उजव्याचा भरवसा डॉक्टर देईनात. म्हणून मराठी मंडळाच्या एक दिवसाच्या सहलीत त्यांनी सर्वांत आधी नाव घातलं. पुदुकोट्टैकडच्या टेकडीतली चित्रांची गुहा हे शेवटचं ठिकाण होतं. दिसतंय तोवर ते हरीण एकदा पाहायचं, बस्स.

गाइड विघ्नेश त्यांचाच जुना विद्यार्थी निघाला.

"सर, माझ्या हरणाला दहात दोन मार्क दिलेले तुम्ही," तो माइकवरून म्हणाला.

"आठवतं की. पोट रिकामं, पाय काड्यांचे, तेही एका ओळीत. शिंगं अंगापेक्षा मोठी. दोन तरी का दिले, मज कळत नाही."

बस हसली. विघ्नेशही हसला, पण माइक बंद करून खिडकीबाहेर पाहू लागला.

पहिलं ठिकाण राजवाडा. स्वतःच्याच गावचा राजवाडा तिकीट काढून पाहायला काय वेळ लागतो? पण ही सगळी तंजावुरी मराठी मंडळी. वेंकटरावांचे पूर्वज राजाच्या हत्तीखान्यावर होते, विशालाक्षीबाईंचे त्याच हत्तींचे वैद्य होते आणि एक हत्ती नेमका कुणाच्या हलगर्जीपणानं मेला, हे दोन तास ठरेना. मग किल्ला, मग जेवण, मग काप्पी. गुहेच्या पायथ्याशी बस पोचली तेव्हा चार वीस झाले होते.

"आज रविवार," रघोजीरावांच्या पत्नी अंबुजाबाई घड्याळ पाहत म्हणाल्या. "साडेचारला राहुकाळ लागतो, तो सहापर्यंत. राहुकाळांत नवं काही सुरू करायचं नाही. दहा मिनिटांत दीडशे पायऱ्या कोण चढतो?"

गुहा साडेपाचला बंद होणार होती. घोडं इथंच पेंड खात होतं.

तोडगाही अंबुजाबाईंनीच काढला. प्रस्थान ठेवायचं! मुहूर्तावर निघणं जमत नसेल तर आपली एखादी वस्तू आधी पुढं पाठवायची, की माणूस निघाला असंच धरतात. सगळ्यांना ते पटलं. कुणी रुमाल दिला, कुणी फणी, वेंकटरावांनी तर दातांची कवळी काढून दिली. रघोजीरावांच्या खिशात फक्त लाल पेन होतं आणि ते त्यांच्या हातून सुटेना.

"मग चष्मा द्या," अंबुजाबाई म्हणाल्या. दिला.

चौदा वस्तूंचं गाठोडं आणि चौदा तिकिटं घेऊन विघ्नेश धावत सुटला. चार अठ्ठावीसला त्याचा फोन आला, प्रस्थान आत पोचलं. मग मंडळी बसत उठत, धापा टाकत पाच वाजता वर पोचली.

दारात पहारेकरी हात आडवा करून उभा.

"चौदाजण आत गेलेत," तो तमिळमध्ये म्हणाला. गाठोडं आत जाऊ द्यावं म्हणून विघ्नेशनं त्याला समजावलं होतं, की वस्तू गेली म्हणजे माणूस गेला. भल्या माणसाला ते पुरेपूर पटलं होतं. त्यानं चौदा तिकिटं फाडून वहीत चौदा माणसं आत लिहिली होती. "एका तिकिटावर एकदाच. खालची खिडकी साडेचारलाच बंद झाली."

"अहो, आम्ही बाहेर उभे आहोत!"

"ते दिसतंय मला. पण वहीत आत आहात."

हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. रघोजीरावांना भर दारात रडू आलं, आणि त्यांनी ते लपवलं नाही. चार हातांवर हरीण आणि मध्ये एक वही! पण चौतीस वर्षं हजेरीपट भरलेला माणूस वहीपुढं किती वेळ हरणार?

"अय्या," ते डोळे पुसत अदबीच्या तमिळमध्ये म्हणाले, "चौदा माणसं आत असताना कुलूप कसं लावणार तुम्ही?"

पहारेकऱ्याच्या तोंडचं पाणी पळालं. त्यानं वही चाळली. "मग बाहेर या ना!"

"म्हातारी माणसं. आणायला कुणी तरी आत जायला हवं."

"एकानं. पाच मिनिटं."

रघोजीरावांनी अंबुजाबाईंकडं पाहिलं. त्यांनी घड्याळ पाहिलं.

"जावा. बाहेर येणं म्हणजे काही नवं सुरू करणं नव्हे."

आत सगळा धुरकट अंधार. त्यांनी चाचपडत गाठोडं शोधलं, कवळीखालून चष्मा काढला, डोळ्यांवर चढवला आणि पहारेकऱ्यानं दिलेला टॉर्च भिंतीवर धरला.

हरीण होतं. तांबड्या रंगाचं. पोट रिकामं. पाय काड्यांचे, चारी एका ओळीत. शिंगं अंगापेक्षा मोठी. आणि ते असं धावत होतं, की रघोजीराव चटकन बाजूला सरकले. आपलं डौलदार हरीण त्यांनी भिंतभर शोधलं. ते कुठंच नव्हतं.

बाहेर पहारेकऱ्यानं एकेक वस्तू मोजून चौदा माणसं वहीतून मोकळी केली. वेंकटरावांनी कवळी बसवून विचारलं, "कसं होतं हो?"  रघोजीराव सरळ विघ्नेशकडं गेले, त्याच्या हातातला फाटक्या तिकिटाचा तुकडा घेतला, लाल पेननं त्यावर दहा लिहिले आणि खाली सही केली.

"चूक माझी होती रे," ते म्हणाले.

विघ्नेशनं तुकडा खिशात घातला. मग सरांचा हात धरून तो एकेक पायरी उतरू लागला.