साहेबांचे दोन पेपर

"निकाल देताना वर्तमानपत्राचा परिणाम होतो का?" हा माझ्या राज्यशास्त्राच्या प्रबंधातला मुख्य प्रश्न. सगळ्या न्यायाधीशांचं उत्तर ठरलेलं: वाचतो, पण कोर्टात आणत नाही. ऐकून ऐकून माझे कान किटले होते.

चौऱ्याऐंशीच्या उन्हाळ्यात मी परभणीला निवृत्त मॅजिस्ट्रेट दत्तरावांकडे गेले, ती मात्र नुसत्या प्रबंधासाठी नव्हे. अठ्ठ्याहत्तरच्या नामांतराच्या दंगलीत जिंतूरकडच्या आमच्या गावात आमचं घर जाळलं, आणि एसटीवर दगड मारल्याच्या आरोपाखाली पकडलं कुणाला, तर माझ्याच वडिलांना. जामीन याच साहेबांनी नाकारला. बाबा आत, आणि आई आम्हा लेकरांना घेऊन शाळेच्या व्हरांड्यात. का नाकारला, एवढंच मला जाणून घ्यायचं होतं. मी कुणाची लेक ते सांगितलं नाही.

"मी दोन्ही पेपर घ्यायचो," साहेब म्हणाले. "एक नामांतराच्या बाजूचा, एक विरोधातला. मन एकीकडे झुकू नये म्हणून."

चहा घेऊन आलेल्या त्यांच्या पत्नी, नर्मदाबाई, हसल्या. "घ्यायचे खरे, पण आधी माझी कात्री चालायची. घरं जळाल्याचं वाचलं की ह्यांना जेवण जायचं नाही. त्यात बीपी. तेवढ्या बातम्या मी कापून टाकायचे."

"आणि एसटी फोडल्याच्या?" मी विचारलं.

"त्या राहायच्या. त्यानं कुठं जेवण अडतं?"

साहेबांच्या हातातला कप तसाच राहिला. "मला वाटायचं, तू पाककृती कापतेस," ते म्हणाले. "म्हणजे जळालेल्या घरांचं मला कळलंच नाही."

खोटं कशाला बोलू, मला त्यांची दया आली. सहा वर्षं ज्यांना मनातल्या मनात शिव्या घातल्या, ते बिचारे अंधारात होते. शिवाय प्रबंधाला असा पुरावा कुणाला मिळतो! जिंतूरच्या एसटीत मी खुशीत निष्कर्ष जुळवत बसले.

घरी बाबा अंगणात दोरी वळत होते. मी सगळं सांगितलं. "त्यांच्या मनात आकस नव्हता, बाबा. आपलं घर जळाल्याचं त्यांना ठाऊकच नव्हतं."

बाबांचे हात थांबले. "ठाऊक नव्हतं? म्या सोता सांगितलं की त्येंला. हात जोडून. साहेब, घर जळालंय, लेकरं उघड्यावर हायती."

"मग? काय म्हणाले?"

"म्हणले, असं पेपरात तर कुठंच आलं न्हाई."