पुष्पा मॅडम रडायला गेल्या

दारव्ह्याच्या पुष्पा मॅडम दिवाळीच्या सुट्टीत मस्कतला निघाल्या, तेव्हा गावानं चांगलीच जीभ चालवली. नवरा जाऊन आठ महिने झाले नाहीत आणि बाई चालली समुद्रावर हवा खायला! बोलणाऱ्याचं तोंड कोण धरणार? पण खरं कारण सांगितलं असतं, तर हेच लोक आणखी हसले असते. पुष्पा तिकडे रडायला चालली होती.

त्याचं असं आहे. पुष्पा बंजाऱ्यांच्या तांड्यातली. त्यांच्या तांड्यात बाई एकटी रडत नाही. कोणी गेलं, की बाया एकमेकींच्या गळ्यात पडतात, एक पदर दोघींच्या डोक्यावरून ओढतात आणि सूर लावून रडतात. गेलेल्याचं नाव घ्यायचं, त्याचे गुण काढायचे, उणंदुणंही काढायचं. एकीचा सूर थांबला, की दुसरीनं आपलं दुःख काढायचं आणि पहिलीनं तिला साथ द्यायची. एका हातानं टाळी वाजत नाही, तसं एकटीचं रडणं तिथं रडण्यात धरत नाहीत.

भारत, पुष्पाचा नवरा, दारव्हा-दिग्रस काळीपिवळी चालवायचा. जीपच्या स्टँडवरच त्याला अटॅक आला. त्या दिवशी तांड्यात आलेली प्रत्येक बाई त्याच्या आईच्या, सोनीबाईच्या गळ्यात पडली. म्हातारी दोनदा बेशुद्ध झाली. पुष्पा मात्र दवाखान्याचे कागद, पाहुण्यांचे फोन आणि आलेल्यांचा चहा बघत राहिली. तिच्याकडे कोणी वळलंच नाही, असं नाही. बाया जवळ यायच्या, थबकायच्या आणि “मॅडम, धीर धरा” म्हणून बाजूला व्हायच्या. मॅडमच्या गळ्यात कोण पडतं? तांड्यातल्या पहिल्या शिकलेल्या सुनेचं शिक्षण हे असं आडवं आलं.

रडणं आत तसंच राहिलं. चौथीच्या वर्गात फळ्याकडे तोंड केलं, की ते घशाशी यायचं. मागं पोरांनी गलका केला, की परत खाली जायचं. मूलबाळ नव्हतं. घरी सासू आणि ती, दोघी समोरासमोर बसून मुकाट्यानं जेवायच्या. म्हातारीचे डोळे आता कोरडे झाले होते आणि ती खपली पुन्हा काढायची पुष्पाची छाती नव्हती.

उरली एक बिजली. यवतमाळच्या वसतिगृहात दोघी सात वर्षं एका ताटात जेवलेल्या. बिजली शिकून नर्स झाली, मस्कतला गेली आणि चौदा वर्षं तिकडचीच होऊन राहिली. बातमी कळल्यावर फोनवर म्हणाली होती, “तू फक्त ये, पुष्पे. दोन दिवस सुट्टी काढू, समुद्रावर जाऊ.” पुष्पानं पासपोर्ट काढला, शाळेतून परवानगी काढली. तिला आता जगात एकच गळा दिसत होता.

मस्कतच्या विमानतळाच्या दारात बिजली उभी होती. जीन्स, कापलेले केस, पण हसणं तेच. पुष्पानं बॅग सोडली, धावत जाऊन तिच्या गळ्यात पडली आणि पहिला सूर लावला. बिजलीनं झटक्यात तिच्या तोंडावर हात ठेवला.

“इथं नको, पुष्पे. लोकं पाहून राह्यले.”

पुष्पानं बॅग उचलली. बरोबरच होतं म्हणा, विमानतळ म्हणजे काही तांडा नव्हे. समुद्रावर निवांत बसू तेव्हा बघू, अशी तिनं मनाची समजूत घातली.

समुद्रावर बिजलीनं तिला बसू दिलं तर ना! सकाळी होडीतून डॉल्फिन पाहा, दुपारी मासे खा, संध्याकाळी कहवा आणि खजूर. समुद्र अफाट असतो, हे पुष्पानं वीस वर्षं पोरांकडून पाठ करून घेतलं होतं. आज तो पहिल्यांदा समोर होता आणि तिला त्याचं काही म्हणजे काही वाटेना. “हास ना जराशी,” बिजली फोन धरून म्हणायची. पुष्पा हसायची. बोलण्यात भारतचं नाव येणार असं दिसलं, की बिजली उठून काहीतरी आणायला जायची.

दुसरा दिवसही असाच सरत आला. चार वाजता शहरात बिजलीच्या घरी परतायचं होतं, उद्या सकाळी पुष्पाचं विमान. वाळूत बसल्या बसल्या शेवटी तिनं तोंड उघडलं.

“बिजले, मी काही फिरायले नाही आली.”

“माहीत हाये मले.”

“मंग तोंडावर हात काहून ठेवला?”

बिजलीनं मुठीतली वाळू सोडली. मग म्हणाली, “मले आता येतच नाही ते. चार वर्षांआधी याडी गेली. भावानं फोनवर मायची चिता दाखोली. मी बाथरूममंधी जाऊन उभी राह्यली. तोंड उघडलं, पण आवाजच नाही निघाला. मंग ड्युटीवर गेली.”

“आता तं मी हाये ना जवळ.”

बिजलीनं आजूबाजूला पाहिलं. एक कुटुंब लांब चटई पसरून बसलं होतं, बाकी किनारा मोकळा. तिनं पाठीवरचा मोठा टॉवेल काढला आणि दोघींच्या डोक्यावरून ओढला. आली वेळ, एवढंच पुष्पाला वाटलं. तिनं श्वास भरून घेतला.

पण सूर आधी बिजलीचा लागला.

“ये याडी ये...” असा काही फुटला, की पुष्पा हादरलीच. चार वर्षांची तुंबलेली आई बाहेर आली. तिच्या हातची भाकर, तिच्या शिव्या, लेकीविना पेटलेली चिता, परक्या मुलुखात एकटीनं काढलेले सणवार. रीत पाळून पुष्पानं साथ दिली. तिनंही याडीचं नाव घेतलं, याडीचे गुण काढले, मैत्रिणीची पाठ थोपटली. आता माझी पाळी येईल, या आशेवर ती प्रत्येक सुराला सूर देत राहिली.

हळूहळू बिजलीचा आवाज बसला, हुंदके थांबले. पुष्पानं तिच्या खांद्यावर डोकं टेकलं आणि तोंड उघडलं. “भा...”

बिजलीनं टॉवेल काढला. नाक शिंकरलं, दोन्ही हातांनी तोंड पुसलं आणि मोठा श्वास सोडला.

“अवं बाई! केवढं ओझं उतरलं माहं. तू आली म्हणून झालं, पुष्पे.” आणि मग, अगदी मनापासून, “तुलेही हलकं वाटलं असंन ना?”

चौदा वर्षांत बिजली पुढची रीत विसरली होती. पुष्पानं तिच्याकडे पाहिलं. डोळे सुजलेले, नाक लाल, आणि चेहरा इतका निवलेला, की वसतिगृहातली पोरगीच समोर बसल्यासारखी. आता पुन्हा पदर ओढ म्हणून हिला कसं सांगायचं? आणि सांगून मागितलेलं रडणं कुठं पुरं पडतं?

“हो,” पुष्पा म्हणाली. “लय हलकं वाटलं.”

“चाल मंग. मले तं सपाटून भूक लागली. काय खाशीन?”

“काहीही चालन.”

बिजलीनं तिच्या गळ्यात हात टाकला आणि दोघी हॉटेलकडे चालू लागल्या. भारत गेला त्या दिवशीसुद्धा पुष्पाला इतकं एकटं वाटलं नव्हतं. तेव्हा निदान बिजली उरली होती.