न तुटलेली काच

मी काचेची पट्टी बोलतेय. बोटभर रुंद, वीतभर लांब, भिंतीच्या भेगेवर आडवी चिकटवलेली. फार दमलेय, पण सांगते.

माझा बराचसा जन्म फ्रेममध्ये गेला. जुळे सोलापुरातल्या गोपाळ सरांना शाळेनं निवृत्त होताना मानपत्र दिलं, त्यावर मी होते. त्यातला 'सचोटी' हा शब्द चौदा वर्षं मी धुळीपासून जपला.

मग सरांच्या घराच्या भिंतीला भेग पडली. इंजिनियर सुकन्या मॅडमनी तिच्यावर एक काच बसवून तारीख लिहिली. "सर, ही तुटली तर भिंत अजून सरकतीय समजायचं. मग पायाचं काम, चार महिने घर रिकामं. न्हाय तुटली तर नुसती भेग बुजवू."

ती बिचारी वैशाखात तुटली. घराखालची काळी माती उन्हानं आकसली होती. ते आधी सरांनीच बघितलं. रुक्मिणीबाईंच्या गुडघ्यांचं ऑपरेशन नुकतंच झालेलं. बायकोला घेऊन जायचं कुठं? त्यांनी कुणाला न सांगता मानपत्राची फ्रेम उघडली, मला कापून आणलं, त्याच जागी चिकटवलं आणि माझ्यावर जुनीच तारीख लिहिली. तीस वर्षं पोरांच्या कॉप्या पकडणारा माणूस! मला राग आला आणि कीवही आली.

पुढं पाऊस लागला, माती परत फुगली, भिंत तेवढ्यापुरती थांबली, म्हणून मी टिकले. रुक्मिणीबाई रोज मला कडेकडेनं पुसायच्या. "टिकली गं बाई," म्हणायच्या. खोटं सांगत उभं राहण्यानं जीव शिणतो.

आज मॅडम आल्या. मला बघून हसल्या. "जिथल्या तिथं हाय की! भेग बुजवून टाकू."

रुक्मिणीबाईंनी लगेच नातीला हाक मारली. "सई, तुझी कॉट आता परत हितं घेऊ, भिंतीला लागून."

सरांचा चेहरा उतरला. "थांबा. मॅडम, ही काच मी लावलीय. तुमची वैशाखातच तुटली."

मॅडमनी वाकून माझ्यावरची तारीख पुन्हा वाचली. मग रुक्मिणीबाई हळूच म्हणाल्या, "मला एकदा विचारायचं तरी की हो. गेले असते मी काठी टेकत."

मॅडमनी छिन्नीनं मला सोडवलं. घरात सामानाची बांधाबांध सुरू झालीय. मी खिडकीत पडलेय, अख्खी, साधा तडासुद्धा नाही. वेळ आली की तुटायचं, एवढंच माझं काम होतं. तेवढं करायला मी योग्य वेळी तिथं नव्हते, आणि होते तेव्हा खोटी होते. तुमच्या भिंतीवर कधी माझी बहीण बसली, तर तिला तुटू द्या.